शेवटच्या चेंडूचा हिशेब

आमच्या घरात भांडणे फारशी होत नाहीत. झालीच तर पिण्याच्या पाण्याचा हंडा कुणी उघडा ठेवला, इतपतच. बीडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला पाण्यावरून भांडण्याचा हक्कच आहे म्हणा! पण २४ सप्टेंबर २०२२ च्या शनिवारी रात्री माझे आणि सूनबाईंचे असे काही वाजले की, आमच्या सौभाग्यवती हातातला दुधाचा पेला तसाच ठेवून मधे येऊन बसल्या. आणि भांडणाचा विषय काय, तर लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर आमच्यापासून हजारो मैल दूर एका मुलीने दुसऱ्या मुलीला बाद कसे केले!

सामना भारत आणि इंग्लंडच्या महिला संघांचा. झुलन गोस्वामीचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, म्हणून मुद्दाम बघायला बसलो होतो. आमची सून सांगलीची. त्यामुळे स्मृती मानधना आमच्याकडे घरातलीच समजली जाते आणि तिच्या धावा आम्हाला माहेरच्या आहेरासारख्या ऐकवल्या जातात. त्या दिवशीही तिने अर्धशतक काढले, पण बाकीच्यांची रांग लागली. २९ धावांत ४ बाद. दीप्ती शर्मा एक बाजू धरून ६८ धावांवर नाबाद राहिली आणि सगळे मिळून कसेबसे १६९ झाले. इंग्लंडची अवस्था त्याहून वाईट. त्यांचे नऊ गडी ११८ धावांत गेले. सामना संपला असे समजून मी चष्मा पुसायला घेतला, तर चार्ली डीन नावाच्या मुलीने शेवटच्या जोडीदारणीला घेऊन ३५ धावा जोडल्या. आता सतराच हव्या होत्या. दीप्ती चेंडू टाकायला आली, थांबली, मागे वळली आणि तिने पलीकडच्या टोकाच्या बेल्स उडवल्या. डीन रेघ सोडून पुढे गेली होती. ती ४७ धावांवर धावबाद, सामना संपला, भारत सोळा धावांनी विजयी. पोरगी तिथेच रडू लागली.

"हे काही खेळणं नाही," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन.

"का बरं, बाबा? ती रेघेच्या बाहेर होती की नव्हती?"

"प्रश्न तो नाही."

"मग काय आहे प्रश्न?"

मी खिलाडूवृत्ती, परंपरा, सभ्य माणसांचा खेळ असे बरेच काही बोललो. शेवटी सूनबाई एवढेच म्हणाल्या, "सव्वाशेत नऊ जणी गेल्या त्यांचं कुणी काही बोलत नाही. शेवटच्या एका चेंडूवर सगळं खापर." आणि उठून ओटा आवरायला गेल्या. मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर त्या रात्री जो माणस बोलत होता तो लॉर्ड्सविषयी बोलतच नव्हता. तो १९८८ सालच्या अंबाजोगाईतल्या एका मैदानाविषयी बोलत होता. पण ते सूनबाईंना काय ठाऊक!

त्याआधी या प्रकाराचा थोडा इतिहास सांगायला हवा. कारण त्याला नाव पडले ते आपल्याच माणसाचे. डिसेंबर १९४७ मध्ये विनू मंकड यांनी सिडनीच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असेच बाद केले. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यात त्यांनी त्यालाच अगोदर ताकीद देऊन बाद केलेले होते, तरी ब्राऊनसाहेबांची खोड गेली नव्हती. ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्रांत ओरड झाली, पण खुद्द डॉन ब्रॅडमन यांनी मंकड यांची बाजू घेतली. ते त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाचे कर्णधार होते, हे लक्षात घ्या. तरीही अशा बाद होण्याला 'मंकडिंग' म्हणण्याची पद्धत पडली. म्हणजे चोरी ब्राऊनची आणि नाव मंकडांचे! लॉर्ड्सवरच्या त्या सामन्यानंतर आठवडाभरातच, १ ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार नियमांच्या पुस्तकात 'अयोग्य खेळा'च्या कलमातून काढून सरळ 'धावबाद'च्या कलमात घातला गेला. म्हणजे जे व्हायला हवे होते ते पंचाहत्तर वर्षांनी झाले. आमच्या बँकेतही काही नोंदी अशाच वर्षानुवर्षे चुकीच्या खात्यात पडून असत.

याच्या उलट गोष्ट १६ ऑक्टोबर १९८७ ची. विश्वचषकाचा लाहोरचा सामना, पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडिज. शेवटचे षटक, पाकिस्तानची शेवटची जोडी. कोर्टनी वॉल्श चेंडू टाकायला धावत आला तेव्हा सलीम जाफर पलीकडे रेघेच्या कितीतरी बाहेर होता. वॉल्श थांबला, त्याने जाफरला बाद केले नाही, नुसते परत पाठवले. पाकिस्तानने तो सामना एका गड्याने जिंकला आणि वेस्ट इंडिज त्या वर्षी उपान्त्य फेरीत पोहोचलेच नाही. वॉल्शला नंतर पाकिस्तानात एका चाहत्याने हाताने विणलेला गालिचा भेट दिला, असे सांगतात.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि अंबाजोगाईच्या शाखेत अधिकारी. वॉल्शच्या त्या गोष्टीवर मी शाखेत पुढचे दोन महिने व्याख्याने दिली. पेन्शनचे पैसे घ्यायला आलेल्या गुरुजींनाही मी काउंटरच्या अलीकडून वॉल्श ऐकवला होता. त्यामुळे जानेवारी १९८८ मध्ये जे घडले, ते मला फार लागले.

आमच्या बँकेच्या शाखाशाखांत तेव्हा दरवर्षी सामने होत. पंचवीस षटकांचे. मातीवर काथ्याची मॅटिंग अंथरायची, चारही बाजूंनी खिळे ठोकायचे आणि खेळायचे. मॅटिंगवर चेंडू कधी गुडघ्याएवढा उडे, कधी छातीएवढा. त्यात आमचे फलंदाज म्हणजे दिवसभर लेजरमध्ये डोके घालून बसणारी माणसे. त्यांतला अर्ध्यांना लांबचे दिसत नसे आणि उरलेल्यांना जवळचे. अंतिम सामना होता अंबाजोगाई आणि आसपासच्या शाखा विरुद्ध बीड. बीडने १११ केल्या. आम्हाला ११२ हव्या होत्या.

आमच्या संघाची सलामी आमचे शाखाधिकारी करीत. त्यांचा त्या मोसमातला फॉर्म मला आजही पाठ आहे : शून्य, दोन, शून्य आणि अंतिम सामन्यात दोन. चार डावांत मिळून चार धावा. पण प्रत्येक वेळी ते बाद होऊन परत आले की आम्ही सगळे "साहेब, चेंडू खालीच राहिला हो!" असे म्हणत लिंबूपाणी पुढे करीत असू. फॉर्म गेलेल्या फलंदाजाला संघातून वगळतात, ही गोष्ट ज्या माणसाच्या सहीने आमच्या रजा मंजूर होत त्याला कोण सांगणार? दुसऱ्या क्रमांकावर येणारे हेडकॅशियर मात्र कारकून वर्गातले, त्यामुळे ते शून्यावर गेले की त्यांचा उद्धार व्हायचा. भलतेच फटके मारतात, वय झाले, डोळे तपासा. आकडे दोघांचे सारखेच.

तर नऊ गडी बाद ११० अशी स्थिती आली. तीन चेंडू शिल्लक. मी ३१ धावांवर होतो, पण होतो बिनकामाच्या टोकाला. खेळायला समोर होते आमचे दफ्तरी. त्यांनी बॅट धरली होती ती अंगण झाडायला निघाल्यासारखी. मी त्यांना सांगून ठेवले होते की बॅटीला लागो न लागो, पळायचे. गोलंदाज होता बीड शाखेतला एक क्लार्क. किडकिडीत अंगाचा, चष्म्याला मागून दोरी बांधलेला, ऑफस्पिन टाकणारा. तो धावत आला आणि मी निघालो. मागे बेल्स पडल्याचा आवाज आला. वळून पाहतो तर हा उभा, आणि क्रीडाशिक्षक असलेले पंच बोट वर करीत होते.

आम्ही एका धावेने हरलो.

असे काही बाद होणे तिथल्या अर्ध्या लोकांनी पाहिलेच नव्हते. लोक मैदानात धावले, पंचांना गराडा पडला, कुणीतरी मॅटिंगचे खिळे उपटायला सुरुवात केली. तो चष्मेवाला हात पुढे करून माझ्याकडे आला. मी हात दिला नाही. उलट सगळ्यांच्या देखत म्हणालो, "बँकेत काम करतोस की पाकीट मारतोस?" बँकेतल्या माणसाला, आणि तेही रोकड हाताळणाऱ्याला, याहून वाईट शिवी नाही. तो काही बोलला नाही. रात्री सगळ्यांना मटणाचे जेवण होते. मी न जेवता खोलीवर निघून गेलो. दुसऱ्या दिवशी शाखेत माझी अशी विचारपूस झाली, जणू घरात कुणी गेले होते. चार डाव मिळून चार धावा केलेले साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसावर असा प्रसंग यायला नको होता." मला ते पटले. तेव्हा पटले.

आता बँकेतली एक साधी गोष्ट सांगतो. संध्याकाळी रोकड मोजली आणि पाच रुपये कमी भरले, तर काय करतात? शेवटचे व्हाउचर ज्याचे होते त्याला पकडत नाहीत. सकाळच्या पहिल्या पावतीपासून सगळी गड्डी पुन्हा उलगडतात. चूक बहुतेक वेळा अकरा वाजता, गर्दीच्या तोंडावर झालेली असते. शेवटचा ग्राहक बिचारा फक्त शेवटी आलेला असतो. मी आयुष्यात अशा किती गड्ड्या उलगडल्या असतील! पण १११ धावांचा तो हिशेब मात्र पस्तीस वर्षांत एकदाही उलगडून बघितला नाही. बघितला असता तर साहेबांच्या दोन धावा दिसल्या असत्या, हेडकॅशियरांचे शून्य दिसले असते आणि सातव्या षटकात मीच दोन धावा पळायच्या सोडून एकीवर थांबलो होतो, तेही दिसले असते.

हे फक्त आमच्या मॅटिंगवरचे दुखणे नाही. चेतन शर्माचे बघा. १८ एप्रिल १९८६ ला शारजात त्याच्या शेवटच्या चेंडूवर जावेद मियाँदादने षटकार मारला. आम्ही तो सामना एका वकिलांच्या वाड्यात, तीसएक माणसे मिळून पाहिला होता. त्या रात्री वाड्यात जे शांत झाले, ते शांतपण मी नंतर एका कादंबरीत वापरले आहे. दीड वर्षानेच, ३१ ऑक्टोबर १९८७ ला, त्याच चेतन शर्माने नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध सलग तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. आज कुणालाही विचारा, चेतन शर्मा म्हटले की शारजाच आठवते. मियाँदाद त्या दिवशी शतक काढून नाबाद राहिला होता, त्याला आधी कुणी बाद करू शकले नव्हते, हे कुणी काढत नाही.

आणि फलंदाजाचा फॉर्म ही तर मोठी गंमत आहे. सचिन तेंडुलकरने आपले नव्व्याण्णवावे आंतरराष्ट्रीय शतक १२ मार्च २०११ ला नागपुरात काढले. शंभरावे १६ मार्च २०१२ ला मीरपूरमध्ये. मधे एक वर्ष चार दिवस. त्या वर्षात आमच्या शाखेत दुपारच्या डब्याला दुसरा विषय नव्हता. वय झाले, डोळा गेला, आता थांबावे, असे निकाल आम्ही चटणी-भाकरीबरोबर देत होतो. पण त्याच वर्षात तो ओव्हलला ९१ वर बाद झाला, वानखेडेवर ९४ वर बाद झाला. याला फॉर्म गेला म्हणायचे? नऊ आणि सहा धावा इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर आमचा डबा मुकाट्याने संपला असता. बरे, शंभरावे शतक झाले त्या दिवशी भारत बांगलादेशकडून हरला. लगेच दुसऱ्या दिवशी आमचे रोखपाल म्हणाले, "हळू खेळला म्हणून हरलो." माणसाने करावे तरी काय!

आमच्या बीडचाच दाखला घ्या. संजय बांगर यांचा जन्म बीडचा. ऑगस्ट २००२ मध्ये लीड्सच्या ढगाळ हवेत, हिरव्या खेळपट्टीवर सलामीला जाऊन त्यांनी ६८ धावा केल्या आणि राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी केली. भारताने ती कसोटी एक डाव आणि ४६ धावांनी जिंकली. त्या सामन्यात द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली या तिघांचीही शतके झाली, त्यामुळे ६८ हा आकडा त्या झगमगाटात गेला. पुढे ते भारतीय संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक झाले. जुलै २०१९ मध्ये मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात रोहित शर्मा, राहुल आणि कोहली प्रत्येकी एक धाव करून परतले, ५ धावांत ३ गडी. तरीही जडेजा आणि धोनीने सामना ओढत नेला आणि मार्टिन गप्टिलच्या एका थेट फेकीवर धोनी धावबाद झाला. अठरा धावांनी पराभव. पुढे मुख्य प्रशिक्षक राहिले, गोलंदाजीचे राहिले, क्षेत्ररक्षणाचे राहिले. फलंदाजीचे तेवढे बदलले. क्षेत्रीय कार्यालयात तपासणीचा शेरा वाईट आला की एका टेबलाचा कारकून बदलून अहवाल बंद करतात, त्याची मला आठवण झाली. आणि आमच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बीडकरच बांगरांना नावे ठेवत होते, हे मी या कानांनी ऐकले आहे.

असो. मी मूळ गोष्टीला बगल देत चाललो आहे, हे माझ्याही लक्षात येते आहे.

१९९६ साली मी क्षेत्रीय कार्यालयात, बदल्यांच्या टेबलावर होतो. एक दिवस त्या चष्मेवाल्याचा अर्ज आला. बढती घेऊन तो नांदेड जिल्ह्यात किनवटकडच्या एका शाखेत गेला होता. वडिलांना पक्षाघात झाला होता, ते माजलगावला अंथरुणावर, घरात म्हातारी आई एकटी. माजलगाव किंवा जवळपास कुठेही बदली मिळावी, अशी विनंती. सोबत डॉक्टरांचा दाखला. मी नाव वाचले आणि माझ्या कानात बेल्स पडल्या.

मी अर्ज नाकारला नाही. तसा अधिकारही मला नव्हता. मार्चमध्ये मी टिपणी लिहिली, 'सध्या रिक्त जागा नाही', आणि ती खरीच होती. जूनमध्ये माजलगावला एक जागा रिकामी झाली. तेव्हा ती फाइल गठ्ठ्यातून वर काढायला हवी होती. मी काढली नाही. रोज ती फाइल मला दिसत होती, हिरव्या नाडीची. वरून काही आले की मी ते तिच्यावर ठेवीत असे. डिसेंबरात नवे साहेब आले, त्यांनी सगळे प्रलंबित अर्ज मागवले आणि त्या गठ्ठ्यात हिचाही निकाल लागला. मधले सहा महिने तो माणूस दर शनिवारी अर्धा दिवस संपला की एस.टी. धरून माजलगावला येत होता आणि रविवारी रात्री उलटा जात होता. त्या काळच्या रस्त्यांवरून हे अंतर म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको.

त्याने तक्रार केली नाही. मी कुणाला सांगितले नाही, घरातसुद्धा नाही. सात कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत पश्चात्ताप झालेली माणसे बरीच आहेत. पण ही फाइल एकाही कादंबरीत आलेली नाही.

लॉर्ड्सच्या त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा नंबर शोधला. अजून माजलगावलाच होता. दुपारी बारापर्यंत धीर गोळा केला आणि फोन लावला.

"ओळखलं का?"

"आवाजावरून ओळखलं. बोला साहेब."

कालचा सामना पाहिला का, असे मी विचारले. पाहिला म्हणाला. मग थोडा वेळ दोघेही गप्प. मीच म्हणालो, "अंबाजोगाईला मी जे बोललो, ते चुकीचं होतं."

"साहेब, तुम्ही त्या षटकात तीनदा निघाला होतात," तो शांतपणे म्हणाला. "पहिल्या चेंडूला एक पाऊल, दुसऱ्याला दोन. मी मोजलं होतं. तिसऱ्यानंतर मलाच कळंना, किती मोजत राहायचं."

मग मी फाइलीचे सांगितले. जून ते डिसेंबर, सगळे. पलीकडून इतका वेळ आवाज आला नाही की फोन तुटला असे मला वाटले.

"जागा जूनमध्ये रिकामी झाली ते मला तेव्हाच ठाऊक होतं," तो म्हणाला. "माझाच दोस्त निवृत्त झाला होता तिथून."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलणार, साहेब? टेबलावर तुम्हीच होतात."

त्याचे वडील त्यानंतर चार वर्षे होते, हे त्याने आपणहून सांगितले. मला सुटल्यासारखे वाटावे म्हणून सांगितले की कसे, कळले नाही. मी विचारले नाही.

त्यानंतर अधूनमधून त्याचा फोन येई, सामना असला की. आणि ६ फेब्रुवारी २०२४ च्या मंगळवारी, दुपारी दीडच्या सुमारास तो स्वतःच दारात उभा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे बीडला आला होता. "आपल्या गावचं पोरगं खेळतंय आज. म्हटलं, तुमच्याकडं टीव्ही मोठा आहे."

एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपान्त्य सामना, दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला. आणि त्या संघात बीडचा सचिन धस. वडिलांनी तेंडुलकरवरून नाव ठेवलेले. चार दिवसांपूर्वीच नेपाळविरुद्ध त्याने ११६ काढल्या होत्या, त्यामुळे गावात हवा होती. यजमानांनी २४४ केल्या. आपला डाव सुरू झाला आणि पहिल्याच चेंडूवर गडी गेला. मग दुसरा, तिसरा, चौथा. ३२ धावांत ४. सूनबाई म्हणाल्या, "झालं." आमच्या पाहुण्याने चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाला, "आता दिसलं नाही तरी चालेल."

तेवढ्यात धस आला. कर्णधार उदय सहारन एका बाजूला उभा होता. त्यानंतरचे दोनअडीच तास आमच्या घरात कुणी जागा बदलली नाही. सौभाग्यवतींना तर स्वयंपाकघराच्या दारात उभे असताना चौकार गेला, म्हणून तिथेच उभे केले. १७१ धावांची भागीदारी. मधेच आमच्या गावाकडच्या एका मुकादमाचा फोन आला. तो टोळी घेऊन कोल्हापूरकडे उसाच्या फडावर होता. "दादा, हितं समद्या कोयत्यांनी कोयते खाली ठिवले. एकाच मोबाइलवर चाळीस माणूस हाय. किती हव्यात आता?" जिल्ह्यातली निम्मी घरे त्या दिवसांत कुलूपबंद असतात. त्या दिवशी ती कुठकुठल्या फडांवर अशी गोळा झाली असतील, कुणास ठाऊक.

धस ९६ वर बाद झाला. चार धावा राहिल्या. घरात एकदम "अरेरे" झाले, पण मला त्याच क्षणी २०११ सालचा डब्याचा विषय आठवला आणि मी तोंड बंद ठेवले. ४२ अजून हव्या होत्या. गडी पडत गेले, सहारन टिकून राहिला आणि धावसंख्या बरोबरीला आली. एक धाव हवी. आणि सहारन धावबाद झाला.

मी पाहुण्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. छत्तीस वर्षांनी एकाच सोफ्यावर बसून, दोघांच्याही डोक्यात तेच. मग राज लिंबानीने चौकार मारला आणि सूनबाई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारचे विचारायला आले. बाहेर फटाके सुरू झाले. माजलगावची शेवटची एस.टी. केव्हाच गेली होती. तो त्या रात्री आमच्याकडेच राहिला. जेवताना त्याने दोनदा रस्सा मागून घेतला. १९८८ साली मी ज्या जेवणाला बसलो नव्हतो, त्याची मला आठवण झाली. त्यालाही झाली असावी, कारण तो म्हणाला, "तेव्हाचं मटण खारट झालं होतं, साहेब. तुमचं काही गेलं नाही."

पुढच्या रविवारी, ११ फेब्रुवारीला अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलियाने २५३ केल्या, आपला डाव १७४ वर आटोपला. धस ९ धावांवर गेला. संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला थांबलो होतो. मंगळवारी ज्याने तिथे पेढे वाटले होते, तोच गृहस्थ म्हणत होता, "मोठ्या सामन्यात नाही चालत हे पोरगं." मी चहाचा घोट घेतला आणि त्याला म्हणालो, "३२ ला ४ असताना कोण होतं हो?" तो म्हणाला, "ते वेगळं." मी चहाचे पैसे दिले.

घरी येतो तर फोन वाजत होता.

"साहेब, पोरगं नऊवर गेलं."

"हो. पाहिलं."

"वीस वर्षांचं नाही अजून. जाईल कधी, होतील कधी." मग जरा थांबून म्हणाला, "मार्चमध्ये इथं पोरांचे सामने ठेवलेत आम्ही, परीक्षा झाल्यावर. पंच मिळत नाहीत. तुम्ही उभे राहाल का?"

"मला कुठं नियम येतात आता?"

"मी सांगतो की. एक काम करायचं, चेंडू हातातून सुटेपर्यंत रेघेकडं बघायचं."

मी येतो म्हणालो. टोपी घेऊन या, तो म्हणाला, माजलगावला मार्चातच ऊन फार असते.